प्रोकोअर एपीआय: सबमिटलवर अप्रूव्हरचं उत्तर बाहेरच्या सिस्टीममधून कसं पाठवावं?

बारबेंडर_२०
मंडळी, अमेरिकेतल्या एका बांधकाम प्रोजेक्टचं प्रोकोअरशी (बांधकाम व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर) इंटिग्रेशन पुण्यातून चालू आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंट शॉप ड्रॉइंग स्वतःच्या सिस्टीममध्ये तपासतो आणि शेरे मारलेली पीडीएफ तयार करतो. तिथून 'मान्य', 'शेऱ्यांसह मान्य' किंवा 'सुधारून पुन्हा सादर करा' यांपैकी एक उत्तर पीडीएफसह प्रोकोअरमधल्या सबमिटलवर (मंजुरीसाठी सादर केलेल्या ड्रॉइंग-कागदपत्रांची नोंद) जायला हवं. सर्व्हिस अकाउंटने (माणसाऐवजी प्रोग्रामसाठीचं खातं) वाचन नीट होतं. लिहिताना कधी ४०३ (परवानगी नाही), कधी ४२२ (पाठवलेली माहिती अमान्य) येतो; कधी २०० (यशस्वी) येऊनही सबमिटल पुढच्या पायरीवर जात नाही. टोकन (प्रवेशाची डिजिटल किल्ली) कोणाचं वापरावं, आणि पावलांचा क्रम काय असावा?

पायाभरणी
आधी टोकनचं बघा, बाकीचं त्यावर अवलंबून आहे. सर्व्हिस अकाउंट प्रत्येक प्रोजेक्टच्या डिरेक्टरीत आणि सबमिटल टूलच्या परवानगीत असावं लागतं. कंपनी पातळीवर जोडलं म्हणजे सगळीकडे पोचलं असं होत नाही. ४०३ चं पहिलं कारण तिथे शोधा. शिवाय प्रत्येक विनंतीत कंपनी आयडीचा हेडर जातोय का तेही तपासा.

पण माझा आग्रह असा, की उत्तर सर्व्हिस अकाउंटने पाठवूच नका. अ‍ॅडमिनचे अधिकार देऊन दुसऱ्याच्या वतीने उत्तर नोंदवता येतं, हे खरं. मात्र सबमिटलवरचा शेरा हा करारातला दस्तऐवज आहे. उद्या बीमच्या जोडावरून वाद झाला, तर इतिहासात इंजिनिअरचं नाव दिसायला हवं, 'इंटिग्रेशन बॉट' नव्हे. म्हणून वाचायला क्लायंट क्रेडेन्शियल्स (प्रोग्रामच्या नावाने टोकन) ठेवा आणि उत्तराला ऑथोरायझेशन कोड (माणसाच्या संमतीने त्याच्या नावाचं टोकन). कन्सल्टंटने एकदा लॉगिन करून संमती द्यायची, पुढे रिफ्रेश टोकनवर (पुन्हा लॉगिन न करता नवं टोकन मिळवून देणारा) काम चालतं. रिफ्रेश केलं की नवा रिफ्रेश टोकन हाती येतो, तो लगेच डेटाबेसमध्ये लिहा. दोन वर्करनी (समांतर चालणाऱ्या प्रोसेस) एकाच वेळी जुना टोकन वापरला तर एकाचं काम अडतं, म्हणून प्रत्येक वापरकर्त्यासाठी रिफ्रेशला लॉक लावा.

स्लॅब_आणि_सर्व्हर
+१, वतीने उत्तर देण्याचा मार्ग माणसाच्या हातातच राहू द्या.

४२२ बद्दल. उत्तराचे पर्याय कंपनीगणिक वेगळे असतात. अ‍ॅडमिन स्वतःची नावं देतो आणि प्रत्येक नाव एका मूळ प्रकाराला जोडलेलं असतं. सँडबॉक्समधला (चाचणीची जागा) आयडी कोडमध्ये ठोकून बसवला, की प्रॉडक्शनमध्ये (खरी चालू सिस्टीम) तो आयडीच नसतो. कंपनीच्या पर्यायांची यादी एपीआयने आणा, आणि जुळवणी लेबलवर नव्हे तर मूळ प्रकारावर करा. लेबल कोणीही कधीही बदलू शकतो. एकाच प्रकाराखाली दोन लेबलं असतील तर अंदाज बांधू नका, ती नोंद माणसाकडे पाठवा. चुकून गेलेल्या 'मान्य'वर कारखान्यात स्टील कापलं जातं.

आणखी दोन सापळे. एकच माणूस वर्कफ्लोमध्ये दोनदा असू शकतो, समजा पहिल्या पायरीवर आणि पुन्हा चौथ्या. त्यामुळे युजर आयडीने शोधू नका. त्या पायरीवरच्या अप्रूव्हर नोंदीचा आयडी घ्या. दुसरा सापळा रिव्हिजनचा. नवी रिव्हिजन काढली की सबमिटल क्रमांक तोच राहतो, पण आयडी नवा होतो. क्रमांकावर जोडणी केली असेल तर उत्तर जुन्या रिव्हिजनला जाऊन बसेल.

पायाभरणी
२०० येऊनही न हलण्याचं कारण बहुतेक समांतर पायरी. एका पायरीवर तिघे असतील, तर ज्यांचं उत्तर अनिवार्य आहे त्या सगळ्यांनी दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. २०० म्हणजे तुमचं उत्तर नोंदलं गेलं, इतकंच. पाठवल्यावर सबमिटल पुन्हा वाचा आणि 'बॉल इन कोर्ट' (पुढची कृती करायची जबाबदारी) कोणाकडे आहे ते साठवा. उलट बाजूही पाहा: नकार किंवा 'सुधारून पुन्हा सादर करा' आल्यावर सबमिटल मॅनेजरकडे परत पाठवण्याची सोय सेटिंगमध्ये चालू असेल, तर पुढच्या पायऱ्या येतच नाहीत. तेव्हा तुमच्या कोडने पुढच्या अप्रूव्हरची वाट पाहत बसू नये.

फाईलवाला
पीडीएफसाठी क्रम असा: आधी अपलोडची नोंद तयार करा, त्यात यूयूआयडी (त्या अपलोडची एकमेव ओळख), स्टोरेजची यूआरएल आणि काही फील्ड्स मिळतात. ती सगळी फील्ड्स जशीच्या तशी मल्टिपार्ट फॉर्ममध्ये घाला आणि फाईल सर्वांत शेवटी. फाईलनंतरची फील्ड्स स्टोरेज वाचत नाही. या विनंतीवर प्रोकोअरचा बेअरर टोकन लावू नका, सही त्या फील्ड्समध्येच असते. एचटीटीपी क्लायंट सगळ्या विनंत्यांना टोकन आपोआप चिकटवत असेल तर अपलोड तिथेच फसतं. यशस्वी झाल्यावर २०४ (यशस्वी, पण मजकूर नाही) येऊ शकतो, त्याला चूक समजू नका. मग उत्तरात तो यूयूआयडी द्या. अपलोड पूर्ण व्हायच्या आधी उत्तर पाठवलं तर शेरा जाईल आणि ड्रॉइंग मागे राहील.

स्लॅब_आणि_सर्व्हर
टाइमआउट झाला तर पोस्ट (उत्तर पाठवणारी विनंती) पुन्हा मारू नका. आधी वाचा, उत्तर नोंदलं गेलंय का पाहा, मगच ठरवा. आपल्या टेबलमध्ये सबमिटल आयडी, अप्रूव्हर नोंदीचा आयडी आणि पीडीएफचा हॅश (फाईलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यांची मिळून युनिक की ठेवा. ४२९ (विनंत्यांची मर्यादा ओलांडली) आला तर हेडरमधल्या रीसेटच्या वेळेपर्यंत थांबा.

वेबहुकमध्ये (बदल झाल्यावर प्रोकोअर आपल्या सिस्टीमला आपोआप पाठवतो ती सूचना) पूर्ण सबमिटल येत नाही, फक्त आयडी आणि घटनेचा प्रकार. लगेच २०० द्या, काम रांगेत टाका, ताजी माहिती स्वतः वाचा. तुम्ही पाठवलेल्या उत्तराचाही वेबहुक येतो. तो ओळखला नाही तर तेच उत्तर पुन्हा पाठवायचं चक्र सुरू होईल.

बारबेंडर_२०
सगळ्यांचे आभार, अप्रूव्हर नोंदीच्या आयडीचं आमच्याकडे चुकलंच होतं. दोन शंका. आमच्या रिपोर्टमध्ये वेळेत दिलेली उत्तरंही उशिराची दिसतात. आणि हाच कोड चेंज ऑर्डरच्या (करारातल्या कामात वा रकमेत बदलाचा आदेश) मंजुरीला चालेल का?

पायाभरणी
पहिली शंका टाइमझोनची. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात १४ तारखेला रात्री साडेआठला दिलेलं उत्तर यूटीसीत १५ तारखेला ००:३० ला पडतं. अंतिम तारीख मात्र नुसती तारीख असते. तुलना प्रोजेक्टच्या टाइमझोनमध्ये करा, भारतीय वेळेत तर मुळीच नको.

चेंज ऑर्डरला हा कोड चालणार नाही. तिथे वेगळं वर्कफ्लोज टूल असतं. चालू पायरीवर कोणती उत्तरं उपलब्ध आहेत हे टेम्प्लेट ठरवतं. टोकन आणि रांगेचा भाग सामाईक ठेवा, उत्तर पाठवणारा भाग स्वतंत्र लिहा.

फाईलवाला
चाचणीसाठी दोन पायऱ्यांचं सबमिटल बनवा: पहिल्या पायरीवर दोघे, त्यातल्या एकाचंच उत्तर अनिवार्य. तोच माणूस दुसऱ्या पायरीवरही घ्या. मंथली सँडबॉक्स दर महिन्याला प्रॉडक्शनच्या प्रतीवरून नव्याने भरला जातो, म्हणून ही मांडणी हाताने न करता स्क्रिप्टनेच उभी करा.