टीएलडी चालू असताना टीबीची औषधं: डोल्युटेग्रेविरची जादा गोळी कधी आणि किती दिवस?

लिंक_केंद्र_नर्स

रुग्ण वर्षभर टीएलडीवर (टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्रेविर एकत्र असलेली एचआयव्हीची गोळी) आहे, गोळी रोज रात्री ९ ला. आता फुप्फुसाचा टीबी निघाला, रिफाम्पिसिनला प्रतिकार नाही. वजन ४६ किलो, त्यामुळे एफडीसीच्या (रिफाम्पिसिनसह टीबीची औषधं एकत्र असलेल्या) ३ गोळ्या सकाळी उपाशीपोटी सुरू होणार. मुख्य एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रातून डोल्युटेग्रेविर ५० मिलिग्रॅमची वेगळी बाटली आली आहे, सोबत चिठ्ठीत फक्त ‘१२ तासांनी’ एवढंच लिहिलंय. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोहाची गोळी चालू आहे, जळजळीसाठी पातळ अँटासिडही आहे. हे सगळं दिवसात कसं बसवायचं? जादा गोळी कधी थांबवायची? आणि व्हायरल लोड (रक्तातल्या एचआयव्हीच्या प्रमाणाची तपासणी) टीबीचा कोर्स संपेपर्यंत पुढे ढकलायचा का?

औषध_खिडकी

जादा गोळी रिफाम्पिसिनच्या पहिल्या दिवसापासूनच. टीएलडी रात्री ९ ची आहे तिथेच राहू द्या, जुनी सवय मोडू नका. जादा ५० सकाळी ९ ला. तासभर इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही.

बरेच जण रिफाम्पिसिन आणि डोल्युटेग्रेविर यांच्यात काही तासांचं अंतर ठेवायला सांगतात. त्याचा उपयोग नाही. रिफाम्पिसिन पोटात डोल्युटेग्रेविरला अडवत नाही. ते यूजीटी१ए१ आणि सीवायपी३ए४ ही औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवतं, आणि ती वाढलेली विकरं दिवसरात्र डोल्युटेग्रेविर मोडत राहतात. वेळ बदलून ते टळत नाही, मात्रा दुप्पट करावी लागते. त्यामुळे सकाळी टीबीच्या ३ आणि जादा १ अशा चारही गोळ्या एकदम घेतल्या तरी चालतं. डोल्युटेग्रेविरला उपाशीपोटी किंवा जेवून अशी अट नाही. रुग्णाच्या लक्षात राहायला हीच पद्धत सर्वांत सोपी.

थांबवायचं कधी, तर टीबीची शेवटची गोळी घेतल्यावर आणखी २ आठवड्यांनी. विकरं मूळ पातळीवर यायला तेवढा वेळ लागतो. सर्वांत जास्त चुका इथेच होतात. टीबीचं कार्ड बंद होतं, ‘कोर्स पूर्ण झाला’ असं सांगितलं जातं आणि रुग्ण त्याच दिवशी जादा गोळीही सोडतो.

साठ्याचा हिशेब आत्ताच करा. पहिल्या टप्प्याचे ५६ डोस, दुसऱ्याचे ११२, एकूण १६८. त्यात १४ दिवस मिळवा: १८२ गोळ्या. ३० च्या ६ बाटल्यांत १८० च होतात. दोन गोळ्या कमी पडतात आणि त्या नेमक्या शेवटच्या दोन दिवसांच्या असतात. मध्ये टीबीचे डोस चुकून कोर्स लांबला तर तेवढे दिवस आणखी वाढतील. सातवी बाटली पाचव्या महिन्यातच मागणीत घाला.

दुसरी अडचण तारखांची. टीबीची औषधं २८ दिवसांची, एआरटीची बाटली ३० दिवसांची. दर महिन्याला दोन दिवसांचा फरक पडत जातो आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत रुग्णाला आठवड्यात दोन फेऱ्या माराव्या लागतात. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर यातली एक फेरी तो चुकवतोच. दोन्ही औषधं २८ व्या दिवशीच द्या, उरलेल्या दोन गोळ्या मोजून नोंदवा.

लिंक_केंद्र_नर्स

१८२ चा हिशेब खरंच लक्षात आला नव्हता. लोह आणि अँटासिडचं काय?

औषध_खिडकी

ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह हे धातू डोल्युटेग्रेविरला आतड्यात धरून ठेवतात, औषध रक्तात पोचतच नाही. इथे मात्र अंतराला महत्त्व आहे: डोल्युटेग्रेविर या औषधांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. दिवसातून एकदाच गोळी असते तेव्हा हे जमतं. दोनदा झाली की मोकळी जागा फार उरत नाही. सकाळी ९ आणि रात्री ९ धरलं तर दिवसा ११ ते ३ एवढीच वेळ मिळते.

लोहाची गोळी दुपारी १ वाजता, जेवणानंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांना एक सवलत आहे, त्या जेवणासोबत डोल्युटेग्रेविरबरोबरच घेतल्या तरी चालतात. गरोदर बाईच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं, कारण तिला दोन्ही चालू असतात. अँटासिडला ती सवलत नाही. ते आयसोनियाझिडचं शोषणही कमी करतं आणि लोहाशीही जमत नाही. डॉक्टरांना विचारून त्याऐवजी पँटोप्राझोल घ्या, त्याची डोल्युटेग्रेविरला अडचण होत नाही. पोषणासाठी मिळालेल्या प्रोटीन पावडरचा डबाही एकदा बघा. त्यावर कॅल्शियम, लोह, जस्त लिहिलेलं असेल तर तीही दुपारीच.

गोळी विसरली तर पुढच्या डोल्युटेग्रेविरला ४ तासांहून जास्त वेळ असेपर्यंत ती घ्यावी. त्याहून कमी वेळ उरला असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत.

छाती_विभाग

वरचं सगळं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

मधुमेह असेल तर मेटफॉर्मिनचा चार्ट काढा. डोल्युटेग्रेविर रक्तातलं मेटफॉर्मिन वाढवतं, डोल्युटेग्रेविर दिवसातून दोनदा दिलं तर आणखी जास्त. दिवसाची एकूण मात्रा १००० मिलिग्रॅमच्या वर नको. रिफाम्पिसिन उलट ग्लिमेपिराइडसारख्या औषधांचा असर कमी करतं. म्हणून पहिले काही आठवडे साखर वरचेवर तपासा, आणि जादा गोळी थांबल्यावर पुन्हा. बाई गर्भनिरोधक गोळ्यांवर असेल तर रिफाम्पिसिन चालू असताना त्यांच्यावर भरवसा ठेवू नका, तांबीचा पर्याय समजावून सांगा.

उलट्या, भूक मेली, डोळे पिवळे: एएलटी (यकृताची रक्ततपासणी) लगेच करा. लक्षणं असताना सामान्य मर्यादेच्या ३ पट किंवा लक्षणं नसताना ५ पट असेल तर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड डॉक्टरांच्या सांगण्यावरून थांबतात आणि नंतर एकेक करून परत सुरू होतात. या मधल्या काळात जादा डोल्युटेग्रेविर घाईने काढू नका. रिफाम्पिसिन बहुतेक वेळा दोन आठवड्यांच्या आसपास पुन्हा सुरू होतं आणि तेव्हा ती जादा गोळी सुरू करायची राहून जाते.

‘दक्षिण आफ्रिकेत आता एकच गोळी पुरते म्हणे’ असंही कानावर येईल. तो संदर्भ केप टाउनमधल्या रेडियंट-टीबी अभ्यासाचा आहे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १०८ रुग्ण होते, एकदा आणि दोनदा घेणाऱ्या दोन्ही गटांत २४ आठवड्यांनी विषाणू दबण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. आशा वाटावी असाच निकाल आहे. पण दोन गटांची औपचारिक तुलना करण्याएवढा तो मोठा नव्हता. दिवसातून दोनदा ही आपल्या कार्यक्रमाची सूचना आहे आणि ती लेखी बदलेपर्यंत खिडकीवर कोणी स्वतःहून गोळी कमी करू नये.

रुग्ण दुसऱ्या फळीत ॲटाझानाविर-रिटोनाविरवर असेल तर हा मार्ग चालत नाही. तिथे रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन लागतं. टीएलडीच्या रुग्णाला काही कारणाने रिफाब्युटिन दिलं असेल तर जादा गोळीची गरज नाही.

नमुना_टेबल

व्हायरल लोड पुढे ढकलू नका. ठरलेल्या तारखेला घ्या. जादा गोळी नीट जाते आहे की नाही हे त्यातूनच कळतं.

जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी घ्या. हेपॅरिनची नळी चालत नाही, हेपॅरिन पीसीआरला (विषाणू मोजण्याच्या पद्धतीला) अडवतं. भरल्यावर ८ ते १० वेळा हलकेच उलटसुलट करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात, कमी हलवली तर गुठळी होते, दोन्हींत नमुना परत येतो. प्लाझ्मा २४ तासांच्या आत वेगळा व्हायला हवा. तालुक्याहून गाडी दुपारी निघत असेल तर रक्त सकाळीच काढा, शनिवारी काढू नका. अख्खं रक्त फ्रीजरमध्ये ठेवू नका. शीतपेटीतला बर्फाचा पॅक नळीला थेट टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठा घाला.

समुपदेशन_कक्ष

व्हायरल लोड १००० किंवा त्याहून जास्त आला तर ‘औषध बदला’ असं लगेच म्हणू नका. आधी दोन्ही बाटल्या मागवून गोळ्या मोजा. टीएलडी संपलेली आणि डोल्युटेग्रेविरची बाटली भरलेली असं बऱ्याचदा दिसतं. त्यामागे कारण असतं: घरी टीबी सांगितलेला असतो, एचआयव्ही नाही, आणि दुसऱ्या बाटलीवरून प्रश्न येतात. लेबल काढून टाकायला सांगू नका, त्यावर तारीख आणि बॅच असते. आठवड्याच्या गोळ्या कप्प्यांच्या डबीत काढून द्या, बाटली केंद्रात ठेवायची सोय असेल तर ठेवा. ‘रोग वाढला म्हणून गोळी वाढली’ असा समजही खूप असतो. टीबीचं औषध ही गोळी लवकर संपवतं म्हणून दुसरी दिली, एवढं साधं वाक्य दर भेटीत सांगा. गोळ्या घेण्यातल्या अडचणी सुटल्या की ३ महिन्यांनी पुन्हा व्हायरल लोड.

जोडीदार निगेटिव्ह असेल तर हे महिने जास्त जपायचे. पुणे आणि चेन्नईतही केंद्रं असलेल्या एचपीटीएन ०५२ अभ्यासात, लवकर एआरटी सुरू केल्यावर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटल्याचं २०११ मध्ये दिसलं. हे संरक्षण विषाणू दबलेला असेपर्यंतच असतं. व्हायरल लोड पुन्हा खाली येईपर्यंत निरोध वापरायला सांगा आणि जोडीदाराची तपासणी करून घ्या.

लिंक_केंद्र_नर्स

टीबीचं कार्ड बंद होईल त्या तारखेपुढे १४ दिवस मोजून जादा गोळीची शेवटची तारीख लाल पेनाने लिहायची ठरवली आहे. दोन्ही कार्डांवर लिहू की फक्त एआरटीच्या?

औषध_खिडकी

दोन्हींवर. आणि बाटलीच्या झाकणावरही. कार्ड घरी राहतं, बाटली रोज हातात येते. पहिल्या दिवशी मात्र पेन्सिलने लिहा, टीबीच्या गोळ्या चुकल्या तर ती तारीख सरकेल. लाल पेन शेवटची स्ट्रिप देताना.