मदत हवी आहे: मोॲबच्या वाळवंटात सायकल, तिघांची तयारी तीन तऱ्हेची

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. गेली आठ वर्षं रविवारी पहाटे पन्हाळ्याचा घाट चढतोय, आणि पाऊस नसेल तेव्हा मसाई पठारावर एमटीबी (माउंटन बाइक, कच्च्या वाटेची सायकल) घेऊन जातो. दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याकडे डेन्व्हरला चाललोय. तिथून गाडीनं युटाह राज्यातल्या मोॲबला पाच दिवस, फक्त सायकलीसाठी. सोबत माझी पंधरा वर्षांची लेक.

पुतण्या मोॲबला दोनदा जाऊन आलाय, दगडांवरून उड्या घेत उतरतो. मी चढाला मागं पडत नाही, पण पायऱ्यांसारखे दगड आले की ब्रेकवरचं बोट सुटत नाही. लेक जोतिबापर्यंत न थांबता चढते, मात्र कच्च्या वाटेचा तिचा अनुभव मसाई पठारापुरताच.

पुतण्याचा हट्ट आहे, पहिल्याच दिवशी स्लिकरॉक. ही ट्रेल १९६९ साली मोटरसायकलवाल्यांसाठी आखली होती, साधारण १७ किमीचा फेरा. सगळा उघडा वालुकाश्म, म्हणजे डायनासोरांच्या काळातल्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झालेला. वाट अशी नाहीच, खडकावर रंगवलेल्या पांढऱ्या तुटक रेघांमागं जायचं. नाव निसरड्या दगडाचं असलं तरी घसरायचे ते घोड्यांचे लोखंडी नाल. रबरी टायर उलट घट्ट धरतो म्हणतात. आपला जांभा सुका असताना धरतो आणि शेवाळ धरलं की आडवं पाडतो, त्यामुळं हे स्वतः अनुभवल्याशिवाय मन मानत नाही. तिथं जवळपास ४ किमीचा सरावाचा छोटा फेराही आहे. पण वाचलं ते असं, की तो फक्त लांबीला कमी, चढउतार तितकेच उभे. 'सराव' या शब्दावर जाऊन मुलीला तिथं नेणं बरोबर होईल का? जे प्रत्यक्ष गेलेत त्यांनी सांगा.

माझ्या मनात वेगळा क्रम आहे. पहिला दिवस डेड हॉर्स पॉइंटच्या इंट्रेपिड ट्रेल्स. चढ फार नाहीत, आणि कड्याच्या खाली ६०० मीटरवर कोलोरॅडो नदीचं वळण दिसतं. दुसऱ्या दिवशी मोॲब ब्रँड ट्रेल्स. तिथला बार एम हा १२-१३ किमीचा फेरा सोपा आहे आणि त्याच जागेवरून सर्कल ओ, रॉकिन ए अशा अवघड वाटाही फुटतात. म्हणजे लेक आणि मी बार एमवर, पुतण्या त्याच्या वाटेला, आणि दुपारी सगळे गाडीजवळ एकत्र. अशी एका पार्किंगमधून तिघांची सोय होणारी आणखी कुठली जागा आहे का? मला मुख्य मदत इथंच हवीय. पाचही दिवस एकानं दुसऱ्याची वाट बघत बसायचं, हे कुणालाच नको आहे.

पुतण्याला एक दिवस होल एन्चिलाडासाठी मोकळा ठेवलाय. ११,००० फुटांवरच्या खिंडीतून ४,००० फुटांवर नदीपर्यंत उतार. वर बर्फ पडलं तर खालचाच टप्पा करेल. त्या वाटेला मी जाणार नाही, हे नक्की.

आता पाण्याचं. एप्रिलमध्ये मसाई पठारावर आम्ही दोघं प्रत्येकी दोन बाटल्या घेऊन गेलो होतो. अकरा वाजता लेकीला गरगरायला लागलं, बाटल्या रिकाम्या. वाटेत एका धनगर मावशींनी कळशीतलं पाणी दिलं, पोरीला सावलीत झोपवलं. ती सकाळ मी विसरू शकत नाही. चूक माझीच होती. मोॲबला सावलीही नाही आणि धनगरवाडाही नाही. डेड हॉर्स पॉइंटवर तर प्यायचं पाणी मोॲबहून टँकरनं चढवतात. कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, किती गेला ते कळतही नाही. तीन तासांच्या फेरीला माणशी किती लिटर घेता? मीठ-साखरेचं पाणी की नुसतं?

वाळूचंही सांगा. दोन खडकांच्या मध्ये मऊ वाळू लागते म्हणे. आपल्याला चिखलात सायकल काढायची सवय, वाळूत नाही. टायरमधली हवा किती कमी करायची? ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) घ्यावं का? सायकली तिथंच भाड्यानं घेणार आहोत. मी आयुष्यभर हार्डटेल (फक्त पुढच्या चाकाला झटका झेलणारी स्प्रिंग) चालवली, लेकीला मात्र फुल सस्पेंशन (दोन्ही चाकांना) द्यावी असं वाटतंय.

भर: दोघांनी विचारलंय, वाट सोडून जरा आडवं गेलं तर काय बिघडतं. तिथल्या मातीवर काळपट, खरखरीत कवच असतं, सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळाचं. तेच माती धरून ठेवतं. एक चाक गेलं की ते भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मसाईवर फुलं तुडवणाऱ्यांना मी हटकतो, तिथं आपणच तसं वागायचं नाही. लेकीला हे आधीच सांगून ठेवलंय.

आणखी एक. लेकीनं काल हा धागा वाचला आणि म्हणाली, "बाबा, सरावाच्या फेऱ्यावर मी अवघड जागी उतरून सायकल ढकलत नेईन, पण मला न्या." उतरून चालत जाण्याइतकी जागा तिथं सगळीकडे मिळते का, एवढं कुणी गेलेलं असेल तर जरूर कळवा. सायकली पुढच्या आठवड्यात बुक करायच्या आहेत.