सुट्ट्यांत व्यायाम कसा टिकवायचा?

प्रश्न: घर पाहुण्यांनी भरलेलं, झोप अर्धवट, व्यायामाला सलग तास मिळत नाही. चिडचिडही वाढते. निदान काय सोडू नये?

उत्तर १: सलग तासाचा हट्ट सोडा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो सलग किमान १० मिनिटं हवा, ही जुनी अट २०२० च्या शिफारशींत नाही. जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत १०-१५ मिनिटं चाला. स्नायू साखर वापरतात, त्यामुळे रक्तातली साखर कमी चढते. वेग असा, की बोलता येईल पण गाता येणार नाही.

उत्तर २: चालण्यानं ताकद टिकत नाही हो. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून १२ उठबशा, भिंतीला हात टेकून १० पुशअप, अशा ३ फेऱ्या. खाली जाताना तीन आकडे मोजा. धपकन बसलात तर मांड्यांना कामच उरत नाही.

उत्तर ३: आधी झोप सांभाळा. जागरण झालं तरी उठायची वेळ तासाभराहून जास्त पुढे नको. दुपारनंतर कॉफी बंद. चिडचिड झाली की ४ आकडे श्वास आत, ६ बाहेर, पाच मिनिटं. अगदी हळू, जोरजोरात घेतला तर गरगरतं.