मायक्रोआरएनए आला म्हणून किडनीची बायॉप्सी जाणार? मला नाही वाटत

नीरक्षीर:
२०२४ चं वैद्यकाचं नोबेल मायक्रोआरएनएच्या शोधासाठी व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकन यांना मिळालं. तेव्हापासून ट्रान्सप्लांटवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: आता नुसती लघवी तपासली की रिजेक्शन (शरीराने बसवलेली किडनी नाकारणं) कळणार, बायॉप्सीसाठी किडनीचा तुकडा काढणारी सुई इतिहासजमा. शोध थोरच आहे. जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा, स्वतः कुठलंच प्रथिन बनवत नाही, पण इतर जनुकांचे निरोप अडवतो. पेशीबाहेरही तग धरतो, म्हणून रक्तात आणि लघवीत सापडतो. इथवर ठीक.

पुरावा काय, ते बघा. सगळे ज्याचा दाखला देतात तो न्यूयॉर्कच्या कॉर्नेल गटाचा २००९ चा अभ्यास. ३३ बायॉप्सी, त्यातल्या १२ रिजेक्शनच्या, २१ नॉर्मल. मिर-१४२, मिर-१५५, मिर-२२३ हे मायक्रोआरएनए रिजेक्शनमध्ये वाढलेले, आणि दोन्ही गट जवळपास स्वच्छ वेगळे पडले. वाचायला झकास. पण ही मोजणी बायॉप्सीच्याच तुकड्यात झाली होती, लघवीत नव्हे. शिवाय हेच मायक्रोआरएनए पांढऱ्या पेशींत मुळातच भरपूर असतात, हेही त्याच पेपरात आहे. मग मोजलं काय? किडनीत पांढऱ्या पेशी शिरल्या, एवढंच. त्या इन्फेक्शननेही शिरतात. रुग्णांना असल्या आशा विकू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

आईची_किडनी:
तुमची बायॉप्सी झालीय का कधी? ट्रान्सप्लांटची किडनी पुढे, जांघेच्या वर बसवतात. त्यामुळे आम्ही उताणे झोपलेलो असतो आणि सुई येताना दिसते. नंतर तासन् तास हलायचं नाही, आणि प्रत्येक लघवीचा रंग बघत बसायचं. माझ्या लघवीतून रक्त गेलं होतं, रात्र वॉर्डात काढली. रिपोर्ट काय आला? रिजेक्शन नाही. टॅक्रोलिमसची, म्हणजे रिजेक्शन रोखणाऱ्या औषधाची, लेव्हल चढली होती, डोस कमी केला, किडनी बिघडली की वाढणारं रक्तातलं क्रिएटिनिन उतरलं.

क्रिएटिनिनचं दुखणं तुम्ही लिहिलंच नाहीत. ते जागं होतं तोवर आत बरंच नुकसान झालेलं असतं. आणि जुलाब झाले, मे महिन्यात पाणी कमी पडलं, तरी ते वाढतंच. दर वेळी सुई? जिथे बायॉप्सीची सोयच नाही तिथे तर अंदाजाने स्टेरॉइडचे सलाईन चढवतात. त्यापेक्षा अर्धीकच्ची चाचणी का वाईट?

लॅबवाला_विदर्भ:
ताई, त्रास मान्य. पण अर्धीकच्ची म्हणजे किती कच्ची, ते आमच्या बाजूने ऐका. लाल पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात. रक्त काढताना पेशी फुटल्या, की रुग्णात काडीचा बदल न होता आकडे बदलतात. बरं, लघवीचा आकडा कशाच्या तुलनेत द्यायचा? कोणी एखादा 'स्थिर' आरएनए धरतो, कोणी बाहेरून अळीचा मायक्रोआरएनए मिसळून त्याच्याशी ताडतो. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. क्रिएटिनिन भले आळशी, पण गडचिरोलीत आणि मुंबईत त्याचा अर्थ एकच लागतो.

हरकत_आहे:
नीरक्षीर, २००९ वर थांबलात. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या गटाने २०११ मध्ये लघवीच तपासली. रिजेक्शनमध्ये मिर-२१० *घटलेला* सापडला. उपचारानंतर पूर्वपदावर आला. आणि लघवीचं इन्फेक्शन असलेल्यांत तसा घटलेला नव्हता. तुमचा पांढऱ्या पेशींचा आक्षेप इथे कसा लावणार?

नीरक्षीर:
तो आक्षेप इथे लागत नाही, खरंय. पण गट पाहा: रिजेक्शनचे ६२, तुलनेला स्थिर किडनीचे १९ आणि इन्फेक्शनचे १३. तेरा माणसांवर 'इन्फेक्शनमध्ये घटत नाही' म्हणायचं?

आता ओपीडीचा हिशेब करू. आकडे उदाहरणापुरते. १००० स्थिर रुग्ण, त्यांत लपलेलं रिजेक्शन ५० जणांना. चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक धरली, तर ४५ बरोबर सापडतील आणि ९५ जणांना उगाच 'पॉझिटिव्ह' येईल. म्हणजे पॉझिटिव्हमधले दोन तृतीयांश खोटे. त्या सगळ्यांना शेवटी सुईच ना?

हरकत_आहे:
हाच हिशेब उलटा वाचा. ८६० निगेटिव्ह, त्यांत चुकलेले फक्त ५. ताईंसारख्या माणसाला 'आज सुई नको' सांगायला एवढं पुरे की.

स्लाइड_वाचक:
मी बायॉप्सी वाचतो, म्हणून दोन्हीकडच्यांना थोडं टोचतो. कॅनडातल्या बॅन्फ गावी १९९१ मध्ये बैठक झाली, त्यातून ट्रान्सप्लांटच्या बायॉप्सीला गुण देण्याचं आमचं वर्गीकरण आलं आणि आजही सुधारत असतं. तरी एकाच स्लाइडवर दोन पॅथॉलॉजिस्टांचे गुण वेगळे पडतात. मोजपट्टीच थोडी ढिली असेल, तर तिच्याशी ताडलेली चाचणी आहे त्याहून वाईट दिसणार. नीरक्षीर हे धरतच नाहीत.

दुसरं, बीके व्हायरस. औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की तो किडनीत डोकं वर काढतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब रिजेक्शनसारखा दिसू शकतो. उपचार मात्र बरोब्बर उलटे. रिजेक्शनला औषधं वाढवायची, बीकेला कमी करायची. चुकलात तर ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली किडनी, जातो. या व्हायरसला स्वतःचे मायक्रोआरएनए आहेत आणि ते रुग्णाच्या लघवीत सापडतात. नुसती 'सूज आहे' यापेक्षा हे जास्त सांगणारं आहे. मला खरा रस तिथे वाटतो.

नीरक्षीर:
बीकेसाठी रक्तात व्हायरस शोधणारी पीसीआर चाचणी आहेच, आणि तुमच्याकडे स्लाइडवर करायचा खास रंगही आहे. मायक्रोआरएनएने नवीन काय दिलं?

माझा शेवटचा मुद्दा. लघवीतल्या सीएक्ससीएल१० या सूज दाखवणाऱ्या प्रथिनाचा स्वित्झर्लंडमधला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २४१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटात आकडा डॉक्टरांना कळवला, त्यावर पावलं उचलली. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच. हे प्रथिन मायक्रोआरएनएपेक्षा कितीतरी जास्त तपासलेलं, तरी ही गत. चाचणी बरोबर येणं वेगळं आणि तिने रुग्णाचं भलं होणं वेगळं.

आईची_किडनी:
त्या प्रयोगात आकडा वाढला की बायॉप्सी *करायची* होती ना? म्हणजे चाचणी सुई वाढवायला वापरली. मी सुई टाळण्याबद्दल बोलतेय. आकडा चांगला असेल तर बायॉप्सी करायची नाही, असा प्रयोग काढा. मी नाव देते.

स्लाइड_वाचक:
ताई, नाव देण्याआधी एक ऐका. निगेटिव्ह आलेल्यांत खरंच काही नव्हतं, हे सिद्ध करायला आधी त्या निगेटिव्हवाल्यांचीही बायॉप्सी करावी लागते. म्हणजे पहिल्या तुकडीत तुम्हाला सुई जास्तच लागेल, सुटका होईल ती पुढच्यांची.

आईची_किडनी:
सहीचा कागद मराठीत द्या, मग बघू.