प्रतिसाद: ४२९४९६७२९७ ही मूळ संख्या नाही

२^३२ + १ म्हणजे ४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे, कारण २ पाया घेऊन केलेल्या फर्माच्या चाचणीत ती उत्तीर्ण होते, असा दावा एकाने केलाय; त्याला हे उत्तर. (या चाचणीत पायाचा, संख्येहून एकने कमी इतका घात करून त्याला संख्येने भागतात; बाकी १ आली तर संख्या पास. मूळ संख्या पास होतेच, पण पास झालेली मूळ असेलच असं नाही.) चाचणी बरोबर केलीय, पण इथे ती कुचकामी आहे. फर्माच्या मालिकेतली (३, ५, १७, २५७..., म्हणजे २^(२^न) + १ या रूपाची; आपली संख्याही त्यातलीच) प्रत्येक संख्या, मूळ असो वा नसो, २ पायावर पास होतेच! ३ पाया घ्या, लगेच पितळ उघडं पडतं.

ऑयलरने १७३२ मध्येच हिचा ६४१ हा विभाजक दाखवला. भागाकार न करताही पटतं. ६४१ = ५×२^७ + १, म्हणून ६४१ ने भागताना ५×२^७ च्या जागी −१ चालतो. चौथा घात केला की ५^४×२^२८ ची बाकी १. पण ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा आहे, म्हणजे ५^४ च्या जागी −२^४. उरलं −२^३२, त्याची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

दुसरा अवयव ६७,००,४१७. तो मूळ आहे का, हे हातानेही तपासता येतं. २^३२ + १ चे, म्हणून याचेही, विभाजक १२८क + १ (क पूर्णांक) याच रूपाचे असतात आणि ६७,००,४१७ चं वर्गमूळ २५८९ च्या आत आहे, म्हणून तिथपर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. २५७ स्वतःच फर्मा संख्या असल्याने बाद, कारण दोन वेगळ्या फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो. उरतात फक्त ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणजे ६७,००,४१७ मूळ आहे.

आणि हो, प्रोग्रॅममध्ये ३२ बिटांचा पूर्णांक घेतलात तर २^३२ त्यात मावत नाही आणि ही संख्या गुपचूप १ होते. ६४ बिटांचा घ्या.