वर्गात आणि अंगणात : विज्ञान-गणिताचे तुमचे अनुभव सांगा

२८ फेब्रुवारी जवळ आला की शाळाशाळांतून विज्ञान दिनाची गडबड सुरू होते. थर्माकोलचे ज्वालामुखी, पाठ केलेली भाषणं. त्यापलीकडे कुणी मुलांत बसून काही करून पाहिलं असेल, शिक्षक म्हणून, पालक म्हणून, सुटीत गावी आलेली मावशी म्हणून, तर ते इथे लिहा. फसलेलंही लिहा, पुढच्याला त्याचा जास्त उपयोग होतो. सुरुवात मी करते.

आमची वाडी पुण्याजवळ. १३ मेच्या सुमाराला इथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. शाळेला सुटी, म्हणून पोरांना मारुतीच्या देवळापुढे जमवलं. मीटरभर काठी रोवली. ती सरळ आहे का, हे बघायला गवंडीकाकांचा ओळंबा आणला. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण. बारा वाजले तरी तेराएक सेंटिमीटर सावली शिल्लक! पोरं हिरमुसली. सव्वाबारा झाले, सावली आखडत चालली होती. साडेबाराला काठीच्या बुडाशी काहीच उरलं नाही. मग सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, बाराला का नाही झालं?" मला वाटतं, त्या दिवसाचं सगळं शिक्षण त्या प्रश्नात होतं. आपली घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताच्या वेळेवर लावलेली, पुणे चौऱ्याहत्तरच्या आसपास, आणि एक अंश सरकायला सूर्याला चार मिनिटं लागतात. हिशेब तिनंच मातीत केला. तीनचार मिनिटांचा फरक उरला, तो का, हे मी तिला पुढच्या वर्षीसाठी ठेवलंय.

*

मी निवृत्त गणित शिक्षक, नाशिककडचा. वजाबाकीतला हातचा मुलांना नको नको होतो. मी त्यांना देवळालीच्या द. रा. कापरेकरांची गोष्ट सांगतो. तेही शाळामास्तर, आणि ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२, मग ८५३२ – २३५८ = ६१७४. कुठलीही संख्या घ्या, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करत गेलं की फार तर सात वेळांत ६१७४ येतो. दरवेळी उत्तरातल्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत यायला हवी, नाही आली तर हातचा चुकला. त्यामुळे मुलं वही माझ्याकडे आणतच नाहीत, आपापली चूक आपणच धरतात. ज्या मुलाला मी वर्षभर वजाबाकीची गणितं घालून थकलो, त्यानं एका दुपारी पाटीवर एकवीस वजाबाक्या केल्या.

*

जर्मनीतून लिहितेय. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'बावीस'सोबत 'वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! इथे माझा मुलगा ३४ ऐकून ४३ लिहायचा, कारण जर्मनमध्येही आधी 'चार' आणि मग 'तीस' म्हणतात. त्याला म्हटलं, आपल्या चौतीसमध्येही आधी 'चौ'च येतो. दोन्ही भाषा एकाच वेळी सुटल्या. तरी पहिले काही महिने 'तीस चार' असं म्हणून घेतलं असतं तर त्याचं रडणं वाचलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

*

आमचा फसलेला अनुभव. मित्रांनी वर्गणी काढून एका शाळेला प्रयोगाची मोठी पेटी दिली. वर्षानं गेलो तर पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. राग आला. बाईंशी बोलल्यावर कळलं की पेटी जडवस्तू संग्रहाच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या, नोंदवहीत चढलेली, काही फुटलं तर जबाब त्यांनी द्यायचा. देण्याआधी त्यांना एकदा विचारायला हवं होतं.

पुढच्या खेपेला, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांचा धडा घेतला. काडेपेट्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब नेली. नोंद नको, कुलूप नको. ट्यूबच्या तुकड्यांत काड्या खोचून मुलांनी चौकोन केला, बोटानं ढकलला, तो लवंडला. त्रिकोण केला, ढकलला, हलेना. पुन्हा ढकलला, काडी वाकली पण आकार तोच. एक मुलगा बराच वेळ वर बघत बसला होता. मग म्हणाला, "सर, पत्र्याखालच्या कैचीच्या सांगाड्यात पण सगळे त्रिकोणच आहेत."