तिथली जांभळी गाठ: तुमची काय निघाली?

मैत्रिणींनो, माझ्या डाव्या भगोष्ठावर (योनीमुखाच्या बाहेरच्या ओठावर) फुगवटा आहे. दिवसभर उभं राहिलं की ठणकतो, आडवं पडलं की बसतो. पहिल्या रिपोर्टवर 'हिमॅन्जिओमा' लिहिलं होतं, म्हणजे तान्ह्या बाळांना होणारी रक्तवाहिन्यांची गाठ, वय ३४ असताना! तिसऱ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, "कधीपासून?" आईला फोन लावला. ती म्हणे, जन्मतःच निळसर डाग होता. मग डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), एमआरआय. निघालं व्हीनस मालफॉर्मेशन, म्हणजे शिराच वेड्यावाकड्या घडलेल्या. हिमॅन्जिओमात पेशी वाढतात, यात नाही. मुलिकन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी १९८२ मध्ये ही फोड करून ठेवली, तरी सरसकट एकच नाव चिकटवतात. तुमचं लिहा, निनावी चालेल.

निनावी १: सातव्या महिन्यात द्राक्षांचा घड लोंबतोय असं वाटायचं. व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे फुगलेल्या शिरा. सिझरच करावं लागेल म्हणून घरात रडारड. नॉर्मल झाली, बाळ दीड महिन्याचं होईतो सगळं ओसरलं.

निनावी २: माझे मोहरीएवढे काळपट लाल दाणे, खाजवलं की चड्डीला रक्त. एकानं मस्से ठरवून नवऱ्यालाही तपासायला बोलावलं. घरात आठ दिवस अबोला! त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप (त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग) लावून दोन मिनिटांत सांगितलं, अँजिओकेराटोमा, म्हणजे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगून झालेले दाणे. संसर्गाशी संबंध नाही. अबोल्याचं बिल कुणाला पाठवू?

निनावी ३: लेकीचा खरा हिमॅन्जिओमा. जन्मतः फिकट ठिपका, तीन आठवड्यांनी लालभडक. डायपरखाली चिघळला, शू लागली की कळवळायची. व्हॅसलीनचा थर, आणि हृदय तपासून प्रोप्रानोलॉल. रक्तदाबाचंच औषध, २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना त्यानं हिमॅन्जिओमा आकसतो हे योगायोगानं सापडलं. दूध पाजल्याशिवाय डोस द्यायचा नाही, नाहीतर रक्तातली साखर उतरते. कमरेखालची मोठी गाठ असेल तर मणक्याचीही सोनोग्राफी करून घ्या.

निनावी ४: गरोदरपणात पंधरा दिवसांत वाढलेला, भळभळणारा लाल कोंब. पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, रक्तवाहिन्यांचीच साधी गाठ. 'पायोजेनिक' म्हणजे पू करणारा; नाव पुवाचं, पू थेंबभर नाही! काढून बायोप्सीला पाठवला तेव्हा नक्की कळलं.

धागाकर्ती: ४, तुझं वाचून हायसं वाटलं. माझी स्क्लेरोथेरपी पुढच्या मंगळवारी आहे. इंजेक्शननं शिरा बुजवतात. कुणी केली असेल तर स्कूटरवर कधी बसता आलं तेवढं सांगा.